बोयापर्यंत

"येतेस का गं?"

एवढंच. मागे काही नाही, पुढे काही नाही. आवाज बाईचा, जरा घोगरा, वाऱ्याने खरवडलेला. आणि सूर असा, की कोपऱ्यावर भाजी आणायला निघालेय, येतेस का. डबा रिकामा झाला तरी त्याच्या तळाशी वास राहतो, तसा तो आवाज ताईच्या कानात इतकी वर्षं राहिला होता.

तेव्हा ताई तरुण होती आणि शिवणाऱ्याचं कातडं नुकतंच तिच्या तळव्यावर चढलं होतं. शिडाचं कापड जाड, त्यातून दाभण रेटायचं तर तळहाताला कातड्याचा पट्टा लागतो. तो पट्टा बाबांनी स्वतः कापून तिला दिला होता. त्या दिवशी बाबांचा गुडघा धरला होता, म्हणून नव्या शिडाबरोबर तिला एकटीला पाठवलं. त्यांच्या घराची रीतच होती तशी. शीड शिवणाऱ्याने ते पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चढवून द्यायचं, होडी धक्क्यावरून सुटली की तिच्यात बसून राहायचं, शीड कुठे फुगतंय, कुठे सुरकुत्या धरून रडतंय ते बघायचं, आणि बोया आला की उतरायचं. बोया म्हणजे बंदराच्या तोंडाशी साखळीने बांधलेलं मोठं लाल पिंप. त्याच्या अलीकडे बंदराचं पाणी, पलीकडे समुद्राचं. नावाडी आपली छोटी नाव घेऊन तिथे थांबलेला असायचा, शिवणाऱ्याला परत आणायला.

त्या होडीवर एक बाई होती, आपल्या भावाबरोबर निघालेली. कुठे, तर जिथवर पाणी आहे तिथवर. एक पाय बाहेर सोडून ती उकडलेला बटाटा सोलत बसली होती. बोया आला, ताई उठली, तर तिने मान वर करून विचारलं, येतेस का गं.

ताई म्हणाली, "आई जेवायला थांबली असेल."

ती बाई हसली. टिंगलीने नव्हे, उलट आईचं नाव ऐकल्यावर हसावं तसं. तिने अर्धा बटाटा ताईच्या हातावर ठेवला. परतीच्या वाटेवर ताईने तो खाल्ला. मीठ नव्हतं, पण बोटांना समुद्राचं होतंच. घरी आई खरोखरच ताट झाकून थांबली होती.

त्यानंतर किती शिडं गेली. ताई प्रत्येक शिडाबरोबर बोयापर्यंत गेली आणि परत आली. येतेस का असं पुन्हा कुणी विचारलं नाही. एकदा विचारून झालेली गोष्ट जग दुसऱ्यांदा कशाला विचारतंय.

त्यांची शिवणमाडी बंदरामागच्या गल्लीत होती. खाली तंबूवाल्याचं दुकान, वर ही माडी. जमीन फळ्यांची, बसून, सरकून आणि पुसून आरशासारखी गुळगुळीत झालेली. चप्पल जिन्यात काढायची, नाहीतर कापडाला डाग. एका भिंतीला मेणाचे गोळे, दोऱ्यांच्या लडी, दाभणांची लाकडी पेटी. दुसऱ्या भिंतीला खिडकी. तिच्यातून समुद्र दिसत नसे. समोर मिठाच्या गोदामाचं छप्पर होतं आणि छपरावर डोलकाठ्यांची नुसती टोकं. कुठली होडी आली आणि कुठली गेली, हे ताई त्या टोकांवरून सांगे. एखादं टोक छपराच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकत जाई आणि मग नसे. त्या कडेवर तिची नजर बराच वेळ राही, हातातलं दाभण तसंच.

आणि दाराजवळची भिंत मापांची होती. खडूच्या रेघांनी भरलेली, जमिनीपासून हात पोचेल तिथवर.

त्याचं कारण ओढदोरी. शिडाच्या कडेला एक दोरी लोंबती सोडलेली असते. वारा अंगावर यायला लागला की तीच पकडून शीड खाली ओढायचं, दुमडायचं, आखूड करायचं. दोरी फार लांब असली तर वाऱ्यात चाबकासारखी फटकारते, डोळा काढते. आखूड असली तर ऐन वेळी हाताला लागत नाही. म्हणून ती ज्याची त्याच्या मापाची. बाबा माणसाला भिंतीला पाठ लावून उभं करत, एक हात वर करायला लावत आणि बोटांच्या टोकाशी रेघ ओढत. टाचा मात्र जमिनीला टेकलेल्या हव्यात. कुणी ऐटीत चवड्यांवर चढला की बाबा त्याच्या टाचेवर काठी टेकवून म्हणत, समुद्रावर टाच उचललीस की गेलास. त्या भिंतीवर कितीतरी हात वर झालेले होते. बरेचसे पुन्हा कधी दिसले नाहीत, रेघा राहिल्या.

सगळ्यांत खाली दोन रेघा, दोघी बहिणींच्या, लहानपणी खेळताना काढलेल्या. ताईची वाढत वाढत पार वर गेली. धाकटीची जरा चढली आणि थांबली. म्हणून धाकटीचं नाव चिमणी पडलं ते पडलंच; आता केस पांढरे झाले तरी गल्लीत ती चिमणीच.

आई आणि बाबा शिवायला बसत ते समोरासमोर, मधे कापड उभं टांगून. एकाने अलीकडून दाभण रेटायचं आणि म्हणायचं "घे". दुसऱ्याने पलीकडून ओढून घ्यायचं आणि म्हणायचं "घेतली". मग तिकडून घे, इकडून घेतली. एकमेकांचं तोंड दिसत नसे. चुकून बोटात दाभण जाऊ नये म्हणून ही हाक, पण ऐकणाऱ्याला वाटे की नवराबायको दिवसभर एकमेकांना काहीतरी देतायत. आईला मधेच गाणं सुचे. तिचं एक ठरलेलं होतं:

सुई गेली पलीकडे, दोरा तिच्या गेला मागे;
शीड गेलं दर्यावर, शिवणारी एक जागे.

चिमणी लहानपणी त्याला आपली ओळ जोडायची, शिवणारीला झोप लागे, टोचे दाभण तेव्हा जागे. आई लटकं रागवायची. ताई हसायची, पण मूळची ओळ तिच्या मनात कुठेतरी टाका घालून बसली होती.

बाबा गेले, मग कापडाच्या पलीकडे चिमणी बसायला लागली. घे, घेतली. चिमणीचं लग्न झालं ते बंदरातल्याच होड्यांच्या सुताराशी, त्यामुळे तीही दुसऱ्या दिवशी माडीवर हजर. ताईने लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणे, दिवसभर टाके घालते तेवढे पुरे. आईचे शेवटचे दिवस लांबले, ते तिनेच काढले. आईला उन्हात बसवणं, भरवणं, आणि मधल्या वेळात शिडं. मागच्या वर्षी आईही गेली. त्या दिवसापासून जेवायला थांबणारं घरात कुणी नव्हतं. ही गोष्ट ताईला पहिल्यांदा कळली ती बोयावरून परत येताना, नावेत बसल्या बसल्या. आपण घाई का करतोय, असं तिच्या मनात आलं आणि तिने पाण्यात बोटं बुडवली.

सुतारराव आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्या बांधत आले होते. म्हातारपणी त्यांनी एक स्वतःसाठी बांधायला घेतली. सगळे हसले. चिमणी आधी हसली, मग रुसली, मग एका सकाळी कपाट उघडून बसली आणि कपडे वाटायला लागली. जायचं ठरलं. थोडंथोडकं नव्हे, लांब. वारा वळेल तसं, बंदरामागून बंदर, वर्षं लागली तरी चालतील. पोरंबाळं नव्हती, घर भाड्याचं होतं. चिमणी म्हणाली, जमिनीवर राहून पाहिलं, आता हलत्या घरात राहून बघू.

ताईने ऐकलं आणि विचारलं, कापड कुठलं घ्यायचं.

एवढ्या महिन्यांत ती या प्रवासाबद्दल जे काही बोलली ते सगळं कापडाचं, दोऱ्याचं आणि मेणाचं होतं. जा असं म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. चिमणीने आडून बघितलं, सरळ विचारून बघितलं. एकदा कापडाच्या पलीकडून म्हणाली, ताई, मी गेल्यावर इथे कोण बसेल. ताईचं उत्तर आलं, घे. दाभण पलीकडे आलं आणि विषय संपला.

ताईच्या मनात काय होतं ते ताईला नीट ठाऊक होतं. ओठांपर्यंत एकच वाक्य होतं आणि ते फार लहान होतं. मला पण यायचंय. मूल म्हणतं तसं. पण थोरल्या बहिणीने धाकटीकडे मागायचं कसं? आयुष्यभर ती देत आली होती. मोठा तुकडा, कोरडी छत्री, खिडकीकडची जागा. मागायची सवयच हाताला नव्हती. शिवाय नवराबायकोची होडी, त्यात ही तिसरी कशाला. आणि समजा तिने मागितलं आणि चिमणीच्या चेहऱ्यावर क्षणभर नुसतीच अडचण उमटली, तर ती अडचण घेऊन ताई या माडीवर एकटी कशी राहणार? न मागितलेलं बरं. न मागितलेलं निदान अख्खं राहतं.

चिमणीचं घर हळूहळू रिकामं होत गेलं. सुतारराव हातात पट्टी घेऊन फिरत आणि जे मापात बसेल तेच होडीत. त्यांनी चिमणीचा आवडता पाट मोजला, मान हलवली. लोणच्याची बरणी मोजली, मान हलवली. शेवटी चिमणीने पट्टी हिसकावून त्यांनाच डोक्यापासून पायापर्यंत मोजलं आणि म्हणाली, तुम्हीही बसत नाही, उतरा. मांजर तंबूवाल्याला दिलं. ते आधीपासूनच त्याच्याकडे जेवत होतं, नुसतं झोपायला इकडे येई.

ताई मदतीला गेली तेव्हा चिमणी भांडी गुंडाळत होती. पातेलं, तवा, ताटल्या.

"तीन कशाला?" ताईने विचारलं.

"फुटली एखादी तर?"

"पत्र्याची आहे. कशी फुटेल?"

चिमणीने ताटलीकडे बघितलं, ताईकडे बघितलं. "हरवली तर," म्हणाली आणि तिसरी ताटली गुंडाळून आत ठेवली.

होडीत खाली झोपायच्या फळ्याही तीन होत्या. सुतारराव म्हणाले, एक सामानाला. सुटी शिडं, दोर, कांदेबटाटे. ताईने मान डोलावली. फळी मात्र चांगली रंधा मारून, कडा गोल करून केलेली होती. कांद्याबटाट्यांचे लाड चाललेत, असं ती मनात म्हणाली आणि तिथून उठली.

मोठं शीड पुरं होत आलं तेव्हा ताईने चिमणीला भिंतीशी उभं केलं. सुकाणू सुताररावांच्या हातात असणार, म्हणजे ओढदोरी चिमणीच्या वाट्याची. चिमणीने हात वर केला आणि सवयीने चवड्यांवर चढली. ताईने तिच्या टाचेला पायाने हलकेच टोचलं. दोघींना एकाच वेळी बाबा आठवले. ताईने रेघ ओढली. ती लहानपणच्या रेघेच्या जेमतेम वीतभर वर होती. चिमणी म्हणाली, बघ, इतकी वर्षं जेवले आणि एवढीच वाढले, आईला हिशेब कसा द्यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी माडीवर ताई एकटी होती. खाली तंबूवाल्याचं यंत्र खडखडत होतं. माडीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असे, पाऊसपाण्याला वर लक्ष ठेवायला. तो केव्हापासून म्हणत होता, ताई, अर्धी माडी मला द्या, आणि ताई म्हणायची, यंत्राचा टाका माझ्या डोळ्यांसमोर नको. ओढदोरी बांधायची राहिली होती. ताईने आढ्याच्या आकड्याला दोरी अडकवली, लोंबती सोडली आणि खाली उभी राहिली. खिडकीतून वारा आला. कुठल्यातरी डोलकाठीवरची कडी टणटण वाजत होती. तिने हात वर केला. टाचा फळीवर घट्ट. दोरी तळव्यात आली तशी तिने डोळे मिटले, आणि थोडा वेळ तिच्या पायांखाली माडी नव्हती.

मग तिने डोळे उघडले, बोटांखाली खूण धरली, दोरी कापली, टोक मेणाने वळलं आणि शिडाला शिवून टाकलं. काम नेटकं झालं. तिच्या हातून काम नेटकंच होई.

निघायच्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. धक्क्यावर गल्ली लोटली होती. तंबूवाला मांजर काखेत घेऊन आला होता. मांजराने कुणाकडे पाहिलं नाही. चिमणी प्रत्येकाच्या गळ्यात पडून रडली आणि प्रत्येकाला काहीतरी शेवटचं सांगून गेली, नळ घट्ट बंद करत जा, खोकल्यावर औषध घ्या. सुतारराव सुकाणूपाशी बसून एका जागी बघत होते. आयुष्यभर धक्क्यावर उभं राहून इतरांना हात हलवला, आता हात कुठे ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं.

ताई होडीत चढली ती नेहमीसारखी. कंबरेला दाभणांची पिशवी, तळव्यावर कातडं, डोक्याला रुमाल. नावाडी आपली नाव घेऊन पुढे निघून गेला होता. जाताना म्हणाला होता, "बाई, मी आहेच बोयाला. तुम्ही आणि मी, दोघंही तिथपर्यंतचेच दर्यावर्दी."

तिने दोर ओढला. शीड वर चढायला लागलं, आधी घड्यांचं, मग सुरकुत्यांचं, मग एकदम स्वतःचं. वाऱ्याने ते आतून भरलं. ताईने कडेकडेने नजर फिरवली. कुठे ओढ नाही, कुठे सुरकुती नाही. धक्का मागे सरकला. माणसं लहान झाली आणि त्यांचे हात मात्र हलत राहिले. मिठाच्या गोदामाचं छप्पर दिसलं, त्याच्या वर आपल्या खिडकीच्या चौकटीची वरची कड तेवढी दिसली. इतकी वर्षं ती त्या चौकटीतून इकडे बघत होती. इकडून बघितलं तर ती खिडकी केवढीशी. टिकलीएवढी.

चिमणी डोळे पुसत पुढे बघत बसली होती. ताई मागे बघत होती. दोघींच्या पाठी एकमेकींना टेकल्या होत्या, कुणी टेकवल्या ते कुणाला ठाऊक नाही. चिमणीच्या पाठीतून हुंदका आला की तो ताईच्या पाठीला कळत होता.

बंदराची भिंत ओलांडली तसा वारा अंगावर आला. होडी एका बाजूला कलली, खाली कुठेतरी पातेलं घरंगळलं. सुतारराव ओरडले, शीड आखूड करा. चिमणी ताडकन उठली, एक हात काठीला, दुसरा वर. ओढदोरी तिच्या बोटांवरून जरा उंचावर हलत होती. तिने हात ताणला. दोरी नुसती स्पर्श करून गेली. चिमणीने टाचा उचलल्या, तशी होडी डुलली आणि ती गुडघ्यांवर आपटली.

ताई उठली. तिला विचार करायला वेळ नव्हता. तिने पाय रोवले, टाचा फळीला टेकल्या, हात वर केला आणि दोरी तिच्या तळव्यात आली. शोधावी लागली नाही. वाट बघत असल्यासारखी आली. ताईने अंगाचा भार टाकून शीड खाली ओढलं, चिमणीने उठून घड्या धरल्या, दोघींनी मिळून आखूड केलं. होडी सरळ झाली आणि शांतपणे चालायला लागली.

 चिमणी ओढदोरीकडे बघत होती. मग तिने ताईकडे बघितलं, ताईच्या अजून वर असलेल्या हाताकडे.

सुतारराव म्हणाले, "ताई, तुमच्या हातून माप चुकलं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता एवढंच. लाकडाच्या आणि कापडाच्या त्या बंदरात ताईचं माप चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ताईने हात खाली घेतला. आकड्याला टांगलेली दोरी, खिडकीतला वारा, ती टणटण, मिटलेले डोळे, सगळं तिच्या अंगावर एकदम आलं. भिंतीवरची चिमणीची रेघ तिने त्या दुपारी पाहिलीच नव्हती. तिचे कान तापले. ओठ इतके महिने शिवून ठेवले होते आणि हाताने सगळं बोलून टाकलं होतं.

"चुकलं," ती म्हणाली. "जोड देते. बोया यायच्या आत होईल."

तिने दोरीचं टोक खाली घेतलं, शिडाची दुमड मधे उभी धरली, पिशवीतून तुकडा काढला, दाभणात दोरा ओवला. चिमणी निमूट पलीकडे जाऊन बसली. दोघींच्या मधे कापड. ताईने दाभण रेटलं.

"घे."

"घेतली."

पलीकडून दाभण आलं. ताईने ओढून घेतलं. आणखी एक टाका, आणखी एक. कापडाच्या वरून तिला लाल पिंप दिसायला लागलं होतं. त्याच्या बाजूला नावाडी वल्ही वर करून बसला होता. लाटेबरोबर पिंप वर आलं, खाली गेलं, जसं ते नेहमीच करत आलं होतं. ताईने पुन्हा दाभण रेटलं.

"घे," ती म्हणाली.

दाभण पलीकडे गेलं. उत्तर आलं नाही.

"चिमणे, घेतली का?"

"घेतली," चिमणीचा आवाज आला, अगदी जवळून, कापडाला तोंड लावल्यासारखा. "ताई, हा टाका घातला की दोरी माझ्या मापाची होईल. मग तुझ्या मापाचं या होडीत काहीच राहणार नाही. घालू का?"

सुताररावांनी सुकाणू जरा वळवलं. होडी बोयाशी आली आणि मंदावली. नावाड्याने आपली नाव बाजूला लावली, कड धरली आणि नेहमीसारखा हात पुढे केला. "या बाई, जपून."

ताई उठली नाही. तिने त्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं. मागे छपरांची रांग होती आणि त्यात कुठेतरी ती टिकली. पुढे नुसतं पाणी, वर आकाश, मधे काही नाही. चिमणीचा हात कापडाच्या पलीकडे तसाच थांबलेला होता. दाभणाचं टोक ताईच्या बाजूने सुईच्या अग्राएवढं बाहेर आलेलं तिला दिसत होतं, पुढेही येत नव्हतं, मागेही जात नव्हतं. ती बाई कुठे असेल आता? असेल का? येतेस का गं, असं विचारून तिने किती वेळ वाट पाहिली असेल?  मग ताईने कापड दोन्ही हातांनी खाली दाबलं, एवढं, की इतक्या वर्षांत शिवताना पहिल्यांदाच तिला पलीकडचं चिमणीचं तोंड दिसलं. ओलं, नाक लाल झालेलं, लहानपणी असायचं तसं.

"नको घालूस," ताई म्हणाली. "मला बोयाच्या पुढे यायचंय. पहिल्या दिवसापासून यायचं होतं, चिमणे. नेशील का गं मला?"